युद्ध तेरा दिवसांचं, आयुष्य ब्याऐंशी वर्षांचं: वडिलांच्या स्मरणिकेत काय लिहू?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. आमचे दादा (वडील) दोन महिन्यांपूर्वी गेले. ब्याऐंशी वर्षांचे होते, झोपेतच गेले. वर्षश्राद्धाला छोटीशी स्मरणिका काढायची असं घरात ठरलंय, मजकूर जमवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय आणि मी पहिल्याच पानावर अडकलोय, म्हणून हा धागा.

दादा फौजेत होते. मराठा लाइट इन्फन्ट्री, पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. ७१ च्या लढाईत तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला रस्ता अडवून बसलेले असताना मॉर्टरचा स्प्लिंटर लागला. मागे मेघालयातल्या तुऱ्याला आणलं, तिथून गुवाहाटी, तिथून पुणे, आणि या सगळ्यात डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली तेव्हा दादा हॉस्पिटलात उताणे पडलेले. सोबत्यांबद्दल म्हणायचे, "त्यांनी ढाका बघितलं, मी छत बघितलं." युद्धावरचं त्यांचं भाषण एवढंच.

आता घोळ असा की धाकट्या काकांनी उत्साहाने तीस पानी मजकूर पाठवलाय. मुखपृष्ठावर रणगाडा. एकोणतीस पानं युद्ध आणि शेवटी "तद्नंतर त्यांनी सुखाने संसार केला" असं एक वाक्य. अहो पन्नासच्या वर वर्षं एका वाक्यात गुंडाळली! आणि आम्ही भावंडांनी जे दादा बघितले ते सगळे त्या एका वाक्यातलेच.

म्हणजे बघा, सकाळी उठले की खाटेच्या कडेवर बसून पहिल्यांदा दाढीचा आरसा हातात घ्यायचे, तोंड बघायला नाही, कापलेल्या पायाचं टोक खालून बघायला. कुठे लाल झालंय का, कातडी सोललीय का. मग पावडर, मग लोकरी मोजा, एक घालायचा की दोन ते त्या दिवशीच्या सुजेवर, मग पाय, मग मांडीवरचा चामडी पट्टा नाडीने आवळायचा. हे चालू असताना त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. लाल डाग दिसला की त्या दिवशी पाय नाही, कुबड्या, आणि कुबड्यांच्या दिवशी दादा उंबऱ्याबाहेर पडत नसत. लाकडी पायाची त्यांना कधी लाज वाटली नाही पण कुबड्यांची वाटायची, का ते मला अजून कळलेलं नाही.

काका म्हणतात मोजे आणि पावडर कोणाला वाचायचीय. तुमच्यापैकी कोणाचे वडील, आजोबा असे जखमी होऊन घरी आलेले असतील तर सांगा, तुम्ही त्यांच्याबद्दल काय लिहिलंत किंवा लिहिलं असतंत?

ता.क. कपाटात दादांचे तीन जुने पाय आहेत. त्यांचं काय करायचं तेही सुचवा.

उगाच_एक_जण
भावपूर्ण श्रद्धांजली. जाणकार सांगतीलच, मी फक्त एवढंच म्हणतो की पायदळातल्या माणसाच्या स्मरणिकेवर रणगाडा छापलात तर जंगी पलटणीतले उरलेसुरले म्हातारे काठ्या घेऊन येतील.

मिरचीठेचा
+१. आणि तो नेटवरून उचललेला असेल तर आधी कोणाच्या देशाचा आहे ते बघून घ्या. आमच्याकडे एका फ्लेक्सवर वीर जवान अभिवादनाला शत्रूचाच रणगाडा लागला होता, आठ दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही.

बॅरॅक नंबर ४
जय हिंद. मी माजी सैनिक, दुसऱ्या रेजिमेंटचा. दादांना सलाम.

मी काकांच्या बाजूने. संसार सगळेच करतात हो. जमालपूर सगळ्यांनी केलेलं नाही. तुम्ही "रस्ता अडवून बसलेले" असं अर्ध्या ओळीत उरकलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो, मुलांना वाचून दाखवा.

९५ माउंटन ब्रिगेड उत्तरेकडून खाली उतरली. कमालपूर ४ डिसेंबरला पडलं. पुढे ब्रह्मपुत्रेच्या पलीकडच्या काठावर जमालपूर, तिथे पाकिस्तानची ३१ बलुच पलटण पक्के मोर्चे बांधून बसलेली. समोरून डोकं आपटण्यापेक्षा आपल्या पलटणी नदी ओलांडून वळसा घालून मागे गेल्या आणि जंगी पलटण ढाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आडवी बसली. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र पाठवलं, ते मुक्तिवाहिनीच्या एका मुन्शीने पांढरं निशाण धरून नेलं. पलीकडच्या कर्नलने उत्तर काय दिलं तर कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, वर खोचक दोन ओळी की पुढच्या वेळी हातात पेनाऐवजी स्टेनगन घेऊन भेटा. मग १० आणि ११ च्या मधल्या रात्री बलुचवाले अंधारात त्याच रस्त्याने फुटून निघायला आले आणि तिथे कोण बसलं होतं, तर तुमचे दादा. सकाळपर्यंत जमालपूर आपलं. दुसऱ्या दिवशी हीच पलटण टांगाइलकडे पॅराशूटने उतरलेल्या २ पॅराला जाऊन मिळाली, आणि तिथून ढाका.

शाळेच्या पुस्तकात ७१ ला किती ओळी असतात माहीत आहे ना? एकोणतीस पानं कमीच आहेत.

फौजीची_पोर
बॅरॅककाका, पूर्ण आदर ठेवून असहमत. (आणि मुन्शीची गोष्ट मस्त सांगितलीत.)

माझे पप्पा आयपीकेएफमध्ये (भारताने पाठवलेली शांतिसेना) होते, श्रीलंकेत. जाफन्याच्या बाजूला सुरुंगावर पाय पडला. त्या लढाईत आपले हजाराच्या वर जवान गेले पण आपल्याकडे तिला कोणी धड लढाईसुद्धा म्हणत नाही, त्यामुळे आमच्याकडे एकोणतीस पानं लिहायला काका नव्हते, हाही एक फरक आहेच. आम्ही डायरेक्ट "तद्नंतर"मध्ये राहिलो.

ते सुखाने वगैरे नव्हतं. पप्पा चिडायचे. ताट भिरकवायचे. कॅन्टीनची रम महिन्याच्या दहा तारखेला संपलेली असायची आणि मग उरलेला महिना आम्ही चवड्यांवर चालायचो. दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब वाजला की ते स्वयंपाकघरात जाऊन दार लावायचे आणि रिकामा मिक्सर चालू करून बसायचे. मोटर जळाली एका वर्षी. आई काही बोलली नाही, नवा मिक्सर आणला आणि रोजच्या कामाला पाटा-वरवंटा काढला.

आणि याच माणसाने मला सायकल शिकवली. मागे धावता यायचं नाही त्यांना, म्हणून मैदानाच्या मधोमध उभे राहायचे आणि मला स्वतःभोवती गोल गोल फिरायला लावायचे. मी पडले की निघायचे माझ्याकडे, पण ते पोचेपर्यंत मी उठलेली असायचे. बाकीच्या पोरांचे बाप कॅरियर धरून धावायचे आणि ती पोरं माझ्या कितीतरी नंतर शिकली.

गेले तेव्हा सगळे येऊन "वीर पुरुष, वीर पुरुष" करत होते आणि आई उठून आत निघून गेली. घाटमाथा, मोजे लिहा, पावडर लिहा, आणि तुमचे दादा चिडत असतील तर तेही लिहा.

बॅरॅक नंबर ४
पोरी, तुझं दुःख समजतो. पण मेलेल्या माणसाची रम स्मरणिकेत कशाला? घरातलं घरात.

फौजीची_पोर
घरातलं घरातच ठेवलं म्हणून तर कोणी त्यांना डॉक्टरकडे नेलं नाही काका. पायासाठी सगळी व्यवस्था होती. डोक्यासाठी "पुरुषासारखा पुरुष आणि फटाक्याला घाबरतो" एवढंच.

पेन्शनर पंडित
श्रद्धांजली. भावनांचं तुम्ही बघा, मी रुक्ष माणूस, आईंचं फॅमिली पेन्शन सुरू झालं का? नसेल तर स्मरणिका बाजूला ठेवून आधी हे करा.

१) मृत्यू दाखला मिळाला की पेन्शन स्पर्शवर (फौजेचं ऑनलाइन पेन्शन पोर्टल) आलेली असेल तर तिथे मृत्यूची नोंद करा, नाहीतर बँकेत कळवा. उशीर केलात आणि मधल्या काळात पेन्शन जमा होत राहिली तर ती नंतर परत वळती होते आणि घरात उगाच घबराट उडते.
२) पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) आईंचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरची, हे अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. त्या पिढीत निम्म्या फौजींनी लग्नानंतर पार्ट टू ऑर्डर (फौजेच्या कागदोपत्री नोंद) करताना माहेरचंच नाव लिहून दिलंय नाहीतर लाडाचं. जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मदत घ्या, पैसे मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका.
३) ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड आईंचं चालू राहतं.
४) आईंना ऐंशी पूर्ण झाली की फॅमिली पेन्शनवर २० टक्के जास्त मिळतात, पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवला ५० आणि शंभरीला १०० टक्के. आपोआप यायला पाहिजेत, पण तारीख डायरीत लिहून ठेवा.

मिरचीठेचा
शंभरीला दुप्पट ही सरकारची सगळ्यात सेफ ऑफर आहे 😀

घाटमाथा
पंडितजी, मुद्दा दोनवरच गाडं अडलंय! पीपीओवर आईचं नाव "सोनाबाई", आधारवर "सुवर्णा". दादा तिला सोनी म्हणायचे, क्लार्कने विचारलं असेल बायकोचं नाव काय, यांनी सांगितलं असेल आणि त्याने आपल्या मनाने बाई लावली असेल. आईला हे कळल्यावर आधी हसली आणि मग म्हणाली की निदान ऑफिसात तरी त्यांनी मला सोनी म्हटलं. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं की ते तिला सोनी म्हणतात.

फौजीची_पोर, दादा चिडके नव्हते, गप्प होते. पण रात्री त्यांना नसलेल्या पायाची बोटं दुखायची. म्हणजे खरंच दुखायची, घामाघूम व्हायचे. आई उठून जिथे पाऊल असायला हवं तिथे गोधडीवर हाताने चोळत बसायची. लहानपणी मला वाटायचं आईला अंधारात दिसत नाही. डॉक्टर कोणी असेल तर हे काय असतं?

डॉ. कडुलिंब
मी आहे. याला फँटम पेन म्हणतात, अवयव कापलेल्या बहुतेकांना कमीअधिक होतं. पाय जातो पण मेंदूतली त्याची जागा जात नाही, तिकडे तुटलेल्या नसांकडून उलटसुलट निरोप येत राहतात आणि मेंदू ते "बोटं मुरगळलीयत" असे वाचतो. नाटक नाही, भास नाही, दुखणं शंभर टक्के खरं असतं. नव्वदच्या दशकात डॉ. रामचंद्रन यांनी आरशाची युक्ती काढली, दोन पायांच्या मधे आरसा असा ठेवायचा की चांगल्या पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसावं, मग चांगला पाय हलवला की आवळलेली बोटं सुटल्यासारखी वाटतात. सगळ्यांना गुण येतो असं नाही. तुमच्या आई जे करत होत्या तेही त्याच जातीचं, डोळ्यांना आणि मेंदूला काहीतरी जुळणारं दाखवायचं. कोणी शिकवलं होतं का त्यांना?

दुसरं, ज्यांच्या अंगात अजून स्प्लिंटर आहेत अशा वडीलधाऱ्यांच्या मुलांसाठी: एमआरआय सांगितला तर आधी हे आवर्जून सांगा. लोखंडी तुकडा असेल तर चुंबकाने हलू शकतो, डोळ्याजवळ किंवा मणक्याजवळ असेल तर फार धोक्याचं. आधी साधा एक्स-रे काढून बघतात. म्हातारे स्वतःहून सांगत नाहीत, पन्नास वर्षांत विसरलेले असतात.

मिरचीठेचा
आमचे आजोबा नाही विसरले. ६५ चे छर्रे होते खांद्यात. एअरपोर्टला मशीन वाजलं की हात वर करून मोठ्याने म्हणायचे, "माझं नाही, पाकिस्तानचं आहे." आजी लाजून दुसऱ्या रांगेत उभी राहायची.

सुलूमावशी
मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते आहे, टायपिंग सांभाळून घ्या.

माझे मिस्टर ६५ च्या लढाईतले. उजवा हात कोपरापासून नाही. आमचं लग्न लढाईआधी ठरलेलं होतं आणि ते पुण्याच्या हॉस्पिटलात असताना त्यांनीच माझ्या वडिलांना पत्र टाकलं की तुम्ही मोकळे आहात. डाव्या हाताने लिहिलेलं, अक्षर पहिलीतल्या मुलासारखं. वडिलांनी पत्र मला दाखवलं नाही, मोडायचंच ठरवलं होतं, ते मला आईच्या डब्यात सापडलं. मी लग्न केलं. लोक म्हणतात त्याग वगैरे. मला काही त्याग बिग सुचला नव्हता, मी एकोणीस वर्षांची होते आणि मला इतकंच वाटलं की ज्या माणसाने एवढ्या वाकड्या अक्षरात दोन पानं लिहिली तो माणूस बघायला पाहिजे.

पुढचं सोपं नव्हतं. शर्टाची बटणं त्यांची त्यांनी लावायची असा हट्ट, आणि आम्ही कुठे जायचं म्हटलं की अर्धा तास आधी सुरुवात. मी मदतीला हात पुढे केला की खेकसायचे. कालांतराने मीच त्यांच्या शर्टांना आतून टिचबटणं लावली आणि बाहेर नुसती दिखाव्याची बटणं शिवली. त्यांना कळलं होतं. बोलले नाहीत. मी पण नाही.

घाटमाथा बाळा, तुझ्या आईला विचार. काकांनाही नको आणि या साइटवरच्या लोकांनाही नको. गोधडीवर हात कोण फिरवत होतं?

फौजीची_पोर
मावशी 🙏 माझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणे यांना फोन लाव.

कट्टा_बहाद्दर
सगळे फौजी देव नसतात. पेन्शन मिळते, कॅन्टीन मिळतं, नोकरीत राखीव जागा मिळतात. शेतात पाय गेलेल्या माणसाला कोण विचारतं? त्याच्यावर धागा निघत नाही.

उगाच_एक_जण
काढा की मग. अडवलंय कोणी?

घाटमाथा
उगाच_एक_जण, थांबा, त्यांचं अगदीच चूक नाही. आमच्या गावात मळणी यंत्रात हात गेलेला एक जण होता. दादांनी स्वतः त्याला एसटीत घालून पुण्याला नेलं होतं, फौजेचं सेंटर त्याला चालणार नव्हतं म्हणून दुसरीकडे ओळख काढून हात बसवून आणला. वर्षभराने त्याने तो हात खुंटीला टांगून ठेवला, म्हणाला काम करताना मधे मधे येतो. दादा त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत 😀 हे मी विसरलोच होतो, लिहून ठेवतो.

तिसरी_शिफ्ट
पुण्याचा विषय निघालाच आहे तर. फौजींचं कृत्रिम अवयव केंद्र तिथे १९४४ पासून आहे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्यांसाठी निघालं ते आजपर्यंत चालू आहे. खडकीचं क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट त्याहून जुनं, १९१७ चं, जखमी सैनिकांना हातातलं काम शिकवायला. आणि ज्यांना मणक्याला लागलंय, कंबरेखाली काहीच हलत नाही, त्यांच्यासाठी खडकीलाच पॅराप्लेजिक सेंटर आहे, १९७४ पासून. माझे मामा तिथे आयुष्याची बरीच वर्षं होते. आम्ही रविवारी भेटायला जायचो तर मामा व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये, भेटायला वेळ नाही. एकदा आई रडायला लागली तर म्हणाले, "ताई, रडायचं असेल तर हाफटाइमला रड."

सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर तर सगळ्यांना माहीत असतील. फौजेच्या ईएमई या तांत्रिक कोअरचे जवान, आधी बॉक्सर, ६५ मध्ये गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली. बॉक्सिंग संपलं म्हणून पोहायला लागले आणि ७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला सुवर्ण, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळाली २०१८ ला. मधली वर्षं मोजा. आता घाटमाथांच्या काकांना विचारा की पेटकरांची गोष्ट ६५ ला संपली असती तर आज त्यांचं नाव कोणाच्या लक्षात असतं?

बॅरॅक नंबर ४
तिसरी_शिफ्ट, हा मुद्दा बरोबर आहे. दोन दिवस विचार करतोय.

एक गोष्ट नोंदवतो. ७१ मध्ये आपले सरकारी आकड्याप्रमाणे ३,८४३ शहीद आणि ९,८५१ जखमी. दिल्लीला राष्ट्रीय समर स्मारक झालं २०१९ ला, तिथे ग्रॅनाइटच्या विटांवर एकेक नाव कोरलंय, मी जाऊन माझ्या दोस्ताच्या नावावर हात ठेवून आलोय. पण ती सगळी नावं गेलेल्यांची. जखमी होऊन घरी आलेल्याचं नाव कुठल्याही दगडावर नाही. त्याला पराक्रम पदक मिळतं, ते ट्रंकेत जातं. ट्रंक पोरं विकतात किंवा उंदीर खातात. त्यामुळे जखमींची स्मरणिका निघत असेल तर ती नीट निघाली पाहिजे, युद्धाचंही आणि नंतरचंही. आणि पोरीची माफी मागतो, रमबद्दल माझं मत तेच आहे पण डॉक्टरबद्दल तू म्हणालीस ते खरं आहे. आमच्या वेळी पलटणीत असं कोणी बोललं असतं तर हसलो असतो आम्ही.

घाटमाथा, डिस्चार्ज बुक, मेडिकल बोर्डाचे कागद, पलटणीचे ग्रुप फोटो, ५६ एपीओचा (फौजेच्या टपाल कार्यालयाचा) शिक्का असलेली इनलँड पत्रं असतील तर आधी स्कॅन करा. फोटोच्या मागे नावं लिहिलेली असतात. त्यातले कोणी हयात असतील तर बेळगावला रेजिमेंटल सेंटरला पत्र टाका, जुने लोक शोधायला मदत करतील.

मिरचीठेचा
आणि पायांचं काय झालं? तीन आहेत म्हणाला होतात. मी त्यासाठी धागा फॉलो करतोय.

डॉ. कडुलिंब
तसाच्या तसा दुसऱ्याला देता येत नाही. वरचा साचा, ज्याला सॉकेट म्हणतात, तो एकेका माणसाच्या मापाने बनतो आणि त्याच माणसालाही काही वर्षांनी बदलावा लागतो कारण कापलेला पाय हळूहळू बारीक होतो. अलीकडचा पाय असेल तर नळी, पाऊल, सांधे असे सुटे भाग काही संस्था घेतात, जवळच्या कृत्रिम अवयव केंद्राला विचारा. चामड्या-लाकडाचा जुना असेल तर तो कोणाच्या उपयोगाचा नाही, पण सत्तरच्या दशकातला पाय आता फारसा बघायला मिळत नाही, टाकू नका.

घाटमाथा
सगळ्यांचे मनापासून आभार. परवा आईजवळ बसलो, मावशींनी सांगितल्याप्रमाणे. डॉक्टर, गोधडीचं तिला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा त्यांना कळ आली तेव्हा तिने सवयीने पाय चेपायला हात नेला, तिथे पाय नव्हता, पण दादा म्हणाले "हां, तिथेच." म्हणून चालू ठेवलं.

पायांचा निकाल असा: सगळ्यात नवा भावाने सेंटरला चौकशी करून द्यायचा. मधला आईने मागून घेतला, कशाला ते विचारलं नाही. सगळ्यात जुना, लाकडाचा, चामडी पट्ट्याचा, मी ठेवतोय. त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या सापडल्या. पहिली ७२ सालची, पाय मिळाला तेव्हाची. मग आमच्या तिघांच्या जन्माच्या. मग एक तारीख जिचा उलगडा कोणालाच होईना, शेवटी आई म्हणाली विहिरीला पाणी लागलं तो दिवस.

काकांना फोन केला. रणगाडा गेला. जमालपूर राहतंय, बॅरॅकसाहेबांनी लिहिलंय तसं, नावानिशी चालेल का कळवा. काका आधी फुगून बसले आणि मग तासाभराने त्यांचाच फोन आला की दादा सुट्टीवर पहिल्यांदा लाकडी पायाने घरी आले तेव्हा एसटी स्टँडवर आणायला मीच गेलो होतो, ते कोणी विचारलंच नाही. विचारलं. चार पानं बोलले. स्टँडपासून घरापर्यंत दादांनी त्यांना ट्रंक उचलू दिली नाही, आणि वाटेत ओढा लागला तिथे मात्र थांबून म्हणाले, "आता उचल, ट्रंक पण आणि मला पण." काका तेव्हा सतरा वर्षांचे. दोन फेऱ्या केल्या म्हणे, आधी दादा, मग ट्रंक.

सुरुवात अशी करतोय, बघा कशी वाटते:

"आमचे दादा सकाळी उठले की आरसा घ्यायचे आणि पायाचा तळ बघायचे. पाऊल नव्हतं. ते ११ डिसेंबर १९७१ च्या पहाटे जमालपूर–ढाका रस्त्यावर गेलं. ते कसं गेलं हे पुढे दिलं आहे, आणि ते गेल्यावर त्यांनी एक विहीर, तीन मुलं, दोन एकर डाळिंब आणि गावातल्या एका माणसाचा हात कसा उभा केला हेही दिलं आहे."

सुलूमावशी
"उभा केला" हाताला कसं चालेल? बाकी छान. आईचं नाव पहिल्या पानावर आण. सोनी चालेल का ते तिलाच विचार.

बॅरॅक नंबर ४
माझं नाव नको. "एका माजी सैनिकाने सांगितल्याप्रमाणे" लिहा. आणि "मराठा रेजिमेंट" असं कुठे लिहू नका, मराठा लाइट इन्फन्ट्री पूर्ण लिहा. पाठीमागे पलटणीची घोषणा छापा, बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय.

फौजीची_पोर
पीडीएफ टाका इथे. आई विचारतेय.

पेन्शनर पंडित
सोनी चालेल, पण स्मरणिकेतच. प्रतिज्ञापत्रात सुवर्णा आणि सोनाबाई एकच व्यक्ती असंच लिहा, तिसरं नाव घुसवू नका कृपया.

उगाच_एक_जण
छापताना अक्षर मोठं ठेवा हो, सोळा पॉइंट तरी. वाचणारे निम्मे सत्तरीच्या पुढचे असणार आणि चष्मा घरी विसरून येणार.